दीडपट वेगाचा कांट

उपाशी मरायची वेळ आली तर माणसाने माणूस खावा का, या विषयावरचं जगातलं बहुधा सर्वांत लोकप्रिय व्याख्यान पूर्णपणे फुकट आहे, आणि ते ऐकण्याची आपल्याकडची नैसर्गिक वेळ जेवणाची आहे. जेवताना काहीतरी लावायचं असतं, हा आता मराठी घराचा अलिखित नियम झालाय. मालिका संपते, बातम्यांचा वीट येतो, मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला की पुढचं यूट्यूब आपल्या मनाने ठरवतं. त्यात एक दिवस हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडेल येतात. सँडर्स थिएटरात हजारावर विद्यार्थ्यांपुढे ते ‘जस्टिस’ नावाचा कोर्स शिकवत. बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक वाहिनीच्या साथीने तो चित्रित झाला आणि २००९ साली बारा भागांत सगळ्या जगाला खुला झाला. पहिल्याच भागाच्या उत्तरार्धात मिन्योनेट नावाच्या इंग्रजी नौकेची हकिकत येते. १८८४ साली ती दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. होडीत चौघे उरले. खायला सलगमचे दोन डबे आणि मध्येच हाती लागलेलं एक कासव. विसाव्या दिवसाच्या सुमारास कप्तान डडलीने रिचर्ड पार्कर या सतरा वर्षांच्या आजारी पोराला मारलं. डडलीच्या मागे बायकापोरं होती आणि हा अनाथ, असा हिशेब. चोविसाव्या दिवशी जर्मन जहाज दिसलं तेव्हा मंडळी, डडलीच्याच नोंदीप्रमाणे, न्याहारी करत होती. इंग्लंडमध्ये खटला चालला, डडली आणि त्याचा साथीदार स्टीफन्स यांना फाशी सुनावली गेली आणि ती पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली. आता सांगा, यात चुकलं काय, असं सँडेल विचारतात. इकडे वरणभातावर लिंबू पिळणारा सज्जन क्षणभर थांबतो, ‘चिठ्ठ्या टाकायला हव्या होत्या,’ म्हणतो आणि लोणचं मागतो.

या पहिल्या भागाच्या प्रेक्षकांचा आकडा कोटींत आहे. पुढे मात्र घसरगुंडी. आता भागांचा क्रम बघा. पहिल्यात खून आणि नरमांसभक्षण आहे. कांट सहाव्यात येतो. खोटं बोलावं का हा प्रश्न सातव्यात, कोण कशाला पात्र हा आठव्यात, आणि चांगलं आयुष्य म्हणजे काय हे थेट बाराव्यात. म्हणजे जगात लाखो माणसं अशी असणार, ज्यांचं नीतिशास्त्राचं शिक्षण माणूस कधी मारावा आणि मारल्यावर त्याचं काय करावं इथवर पुरं झालं, आणि खोटं बोलू नये हे यायच्या आत थांबलं. अशा माणसाशी सोसायटीच्या मीटिंगमध्ये जपून बोललेलं बरं. पण अर्धवट शिकलेल्याची थट्टा सोपी असते. खरा विचार करायचा तो सगळं ऐकणाऱ्याचा. बारा भाग मिळून साधारण अकरा तास होतात. दीडपट वेगाने लावले तर साडेसातच्या आत. पुण्याहून मुंबईला जाऊन येता येता बेंथॅम, मिल, लॉक, कांट, रॉल्स आणि अॅरिस्टॉटल एवढे उरकतात; घाटात ट्रॅफिक लागला तर उजळणीही होते. १७८१ साली आपला मोठा ग्रंथ छापण्याआधी कांटने जवळजवळ अकरा वर्षं म्हणण्यासारखं काही प्रसिद्ध केलं नव्हतं. नुसता विचार चालला होता. दीडपट वेगाने तोही सव्वासात वर्षांत आटोपला असता.

असं ऐकून कोणी चांगला होतो का, ही यावरची नेहमीची हरकत. ती घेणारे बहुधा स्वतः काही ऐकत नाहीत, पण ते सोडा. मुद्दा असा की हा ठपका एकट्या फुकटच्या व्याख्यानांवर ठेवणं अन्यायाचं आहे. फी भरून शिकणाऱ्यांवर, इतकंच काय, पगार घेऊन शिकवणाऱ्यांवरही तो तितकाच बसतो, आणि याला पुरावा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या एरिक श्विट्झगेबल या तत्त्वज्ञाने आपल्याच जातभाईंचा पिच्छा पुरवला. ग्रंथालयांतून कोणती पुस्तकं गायब होतात याची त्यांनी तपासणी केली. नीतिशास्त्राची पुस्तकं, तीही ज्यांना तज्ज्ञाशिवाय कोणी हात लावणार नाही अशी, तत्त्वज्ञानाच्या इतर पुस्तकांच्या सुमारे दीडपट प्रमाणात बेपत्ता निघाली. (दीडपट हा आकडा या विषयाला चिकटूनच बसलेला दिसतो.) पुढे जोशुआ रस्ट यांच्याबरोबर त्यांनी अमेरिकेतल्या प्राध्यापकांना विचारलं, की आईची खबरबात घेता का, मतदान करता का, विद्यार्थ्यांच्या ईमेलला उत्तर देता का. नीतिशास्त्राचे प्राध्यापक बाकीच्यांपेक्षा काही वेगळे वागताना दिसले नाहीत. मांसाहाराची गोष्ट तर अधिकच बोलकी. सस्तन प्राण्यांचं मांस नेहमी खाणं वाईट, असं नीतिशास्त्र शिकवणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांनी सांगितलं. तत्त्वज्ञानाशी संबंध नसलेल्या प्राध्यापकांत हे प्रमाण १९ टक्के होतं. मग काल रात्री जेवायला काय होतं, असं विचारलं. ताटात मात्र दखल घ्यावी असा फरक सापडला नाही. तेव्हा यूट्यूबवर सँडेल ऐकून माणूस होता तसाच राहिला, तर त्याने निराश होऊ नये. लाखो डॉलर खर्चूनही हेच पदरात पडतं. त्याला ते इंटरनेटच्या पॅकमध्ये मिळालं.

तरीही या फुकटच्या शिक्षणात काहीतरी उणं आहे, आणि ते चांगुलपणाच्या बाजूला शोधत बसल्यामुळे सापडत नाही. येल विद्यापीठाच्या शेली केगन यांचा मृत्यूवरचा सव्वीस व्याख्यानांचा कोर्स २००७ साली चित्रित झाला. हा दाढीवाला गृहस्थ टेबलावर चढतो आणि मांडी घालून बसतो. मराठी प्रेक्षकाला हायसं वाटतं: चला, ओळखीचं निघालं, आता आत्मा अमर असल्याचं येणार. केगन त्यानंतर व्याख्यानांमागून व्याख्यानं घेऊन आत्मा नावाची वस्तूच नाही हे पटवत बसतात, पण तोवर बैठक अशी जमलेली असते की ऐकणाऱ्याला उठवत नाही. इथे कोणी म्हणेल की यात नवं ते काय? कीर्तन-प्रवचनं शतकानुशतकं चालत आली. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. बोलणारा एक आणि ऐकणारे शेकडो, हीच आपली शिकण्याची रीत; बुवांना मध्येच हटकून ‘मला हे पटलं नाही’ म्हणणारा श्रोता तेव्हाही विरळाच. हे सगळं मान्य. पण मांडवात बसलेल्या श्रोत्याच्या शेजारी त्याचा भाऊबंद बसलेला असतो. बुवा भावाच्या वाटणीवर येतात तेव्हा शेजारचा भाऊ समोर बघत राहतो आणि तो समोर बघतोय हे याला दिसतं. झोंबणाऱ्या जागी बुवांना थांबवून चहा टाकायला जाता येत नाही, की दहा सेकंद पुढेही ढकलता येत नाही. मोबाइलवर ऐकणाऱ्याला ही सगळी सोय आहे. नीतिशास्त्राच्या शिक्षणातून सर्वांत आधी हद्दपार झाली ती पंचाईत, आणि पंचाईत होणं हाच त्या विषयाचा निम्मा अभ्यासक्रम आहे.

हे कसं घडतं ते त्याच पहिल्या भागात दिसतं. सुरुवात ट्रॉलीने होते. ब्रेक निकामी झालेली ट्रॉली, रुळावर पाच कामगार, बाजूच्या रुळावर एक. तुम्ही ती वळवाल का? मग हळूहळू प्रश्न कठीण होत जातात आणि एका टप्प्यावर डॉक्टर येतो. त्याच्याकडे पाच रुग्ण मरणाच्या दारात, प्रत्येकाला वेगळा अवयव हवा, आणि शेजारच्या खोलीत तपासणीला आलेला एक धडधाकट माणूस डुलकी घेतोय. काढायचे का त्याचे अवयव? गॅलरीतला एक विद्यार्थी म्हणतो, त्या पाचांतला जो आधी मरेल त्याचेच चार चांगले अवयव बाकीच्या चौघांना द्यावेत. सभागृह हसतं. सँडेल त्याचं कौतुक करतात आणि त्याच दमात सांगतात, की तू प्रश्नाचा मुद्दाच मोडलास. पोरगं पकडलं गेलं. अडचणीतून पळवाट काढली आणि शेकडो लोकांसमोर ती पळवाट म्हणून नोंदवली गेली. हीच गोष्ट घरी कशी होते? ट्रॉली दिसताच आपला प्रेक्षक विचारतो: हॉर्न का नाही वाजवला? लाल झेंडीवाला कुठे होता? ब्रेकच्या देखभालीचं कंत्राट कोणाकडे? सगळे प्रश्न वाजवी आहेत. रुळालगत राहणाऱ्या मुंबईकराला तर ते आधी सुचायलाच हवेत. पण त्यातला प्रत्येक प्रश्न त्या गॅलरीतल्या पोराच्याच जातीचा आहे, आणि इथे कौतुक करून कान पकडणारं कोणी नाही. प्रेक्षक मनातल्या मनात हार्वर्डवर मात करतो आणि पुढे सरकतो. बाराही भाग तो असाच अजिंक्य राहतो. आठव्या भागात तर गंमतच आहे. आम्ही इथे पोचलो ते आमच्या कष्टांनी, असं म्हणणाऱ्या वर्गाला सँडेल विचारतात, की तुमच्यात थोरली अपत्यं किती? बहुतेक सभागृहाचे हात वर जातात. कष्टाचं श्रेय जन्माच्या क्रमालाही द्यावं लागेल की काय, ही शंका त्या मुलांना कोणी समजावून दिली नाही. ती त्यांनी स्वतःच्या वर गेलेल्या हातात बघितली. घरच्या प्रेक्षकाचा हात तेव्हा भातात असतो.

आणि आपण जे बघतो ते काही सगळा कोर्स नाही. थिएटरातल्या व्याख्यानानंतर ही मुलं छोट्या गटांत बसत, सहायक शिक्षक त्यांना बोलायला लावत, निबंध लिहून द्यावे लागत आणि ते लाल होऊन परत येत. कॅमेरा तिथे गेला नाही, आणि त्याला दोष कसा द्यायचा? मी असं का म्हटलं हे न आठवणारा एकोणीस वर्षांचा मुलगा पडद्यावर दहा मिनिटंही धरवत नाही. पण काम होतं ते तिथेच. याला पुन्हा रिव्हरसाइडचाच दाखला आहे. श्विट्झगेबल, ब्रॅडफर्ड कोकलेट आणि पीटर सिंगर यांनी १,१४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला आणि तो २०२० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना मांसाहाराच्या नैतिकतेवर शिकवलं, निम्म्यांना दानधर्मावर. मग विद्यापीठाच्या खाणावळींतल्या पावत्या तपासल्या. दानधर्मवाल्यांच्या खरेदीत मांसाचे पदार्थ ५२ टक्केच राहिले. मांसाहारावर शिकलेल्यांचे ५२ वरून ४५ वर आले. इथे माझ्याच मघाच्या म्हणण्याला छेद जातो आणि तो जाऊ द्यायला हवा: शिकून माणूस थोडा बदलतो, निदान काही आठवडे तरी. मात्र त्या मुलांना नुसतं काही ऐकवलं नव्हतं. एक लेख वाचायला लावला होता आणि त्यावर गटात बसवून चर्चा घडवली होती. शेजारच्याने ‘मग तू का खातोस?’ विचारलं असणार. प्राध्यापकांना हा प्रश्न विचारायला कोणी बसत नाही, म्हणून त्यांच्या ताटात फरक पडत नसावा. हा माझा तर्क. संशोधकांच्या माथी तो मारू नये.

२०१३ साली सॅन होजे राज्य विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाला सँडेल यांचा हाच कोर्स ऑनलाइन वापरण्याची सूचना आली. विभागातल्या प्राध्यापकांनी नकार दिला आणि थेट सँडेल यांनाच अनावृत पत्र लिहिलं. न्याय शिकवणाऱ्या माणसाला, तुझ्या शिकवण्याने आमच्यावर अन्याय होतोय, असं कळवणारं हे पत्र वाचताना हसू येतं; पण त्यातला एक मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमचे विद्यार्थी वेगवेगळ्या थरांतून, वेगवेगळ्या अनुभवांतून येतात, आणि त्यांनी न्यायाचा विचार करायचा म्हणजे हार्वर्डच्या सुस्थितीतल्या मुलांनी केलेला विचार बघत बसायचं का, असा त्यांचा सवाल होता. आपल्या जागी दुसऱ्याने वाद घालायचा आणि आपण टाळ्या वाजवायच्या, हे आपल्याला टीव्हीवरच्या चर्चांमुळे अंगवळणी पडलंय म्हणून खटकत नाही. सँडेल यांनीही उत्तरात प्राध्यापकांची बाजू समजून घेतली; आपला कोर्स कोणाच्या पोटावर पाय आणण्यासाठी वापरला जाऊ नये, असंच त्यांचं म्हणणं. वाद तिथे मिटला नाही, पण दोन्ही बाजू एकमेकांना उत्तर देत होत्या. त्या कोर्सचा सर्वांत यशस्वी वर्ग बहुधा तोच भरला.

सर्वांत वजनदार हरकत मात्र वेगळी आहे. हे सगळं बोलणं पोट भरलेल्यांचं आहे. ज्याच्या गावाजवळ कॉलेज नाही, किंवा आहे पण तिथे तत्त्वज्ञान विभागाला कुलूप लागलंय, त्याला सँडर्स थिएटरचं दार उघडं मिळालं, ही काय लहान गोष्ट? मुळीच नाही. एमआयटीने २००१ साली आपले अभ्यासक्रम फुकट देण्याचं जाहीर केलं, आपल्याकडे आयआयटींनी एनपीटीईएल उभं केलं, आणि त्यातून घरबसल्या शिकलेल्या माणसांपुढे या लेखातल्या सगळ्या तक्रारी चैनीच्या ठरतात. तरी या घरबसल्या शिकणाऱ्यांत एक मोठा वर्ग असा आहे की त्याच्याकडे बघून कांटला भोवळ आली असती. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्र, सचोटी आणि अभिक्षमतेची २५० गुणांची प्रश्नपत्रिका ठेवली, आणि सदाशिव पेठेतल्या कॉटबेसिसवरच्या खोल्यांतून कांट घुमू लागला. कांटच्या दुकानदाराचा दाखला तिथे पाठ असतो: गिऱ्हाईक तुटू नये म्हणून जो दुकानदार पोराला फसवत नाही, त्याच्या प्रामाणिकपणाला नैतिक मोल नाही, मोल केवळ कर्तव्य म्हणून वागण्याला. हे दीडशे शब्दांत, दहा गुणांसाठी लिहायचं असतं. गुणांसाठी लिहिलेल्या या उत्तराला नैतिक मोल किती, असा प्रश्न आयोगाने अजून विचारलेला नाही, आणि उमेदवारांनी तो मनातही आणू नये. वेळ पुरत नाही. प्रमाणपत्रांचीही तीच कथा. अनेक ठिकाणी ऐकणं फुकट आणि ऐकल्याचा पुरावा विकत. कांटच्या चष्म्यातून ही व्यवस्था निर्दोष आहे: कर्तव्य म्हणून शिकणाऱ्याला छदाम पडत नाही, लिंक्डइनवर लावायचं असेल त्यानेच पैसे मोजावेत.

पण सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत मोबाइलवाल्या सज्जनाकडे नसलेली एक गोष्ट आहे: रूम पार्टनर. तो इतिहासवाला असो की शेतीवाला, रात्री साडेअकराला ‘काहीही काय, एकाला मारून पाच वाचतात तर मारायला काय हरकत आहे?’ असं म्हणणारा कोणीतरी पलीकडच्या कॉटवर पडलेला असतो, आणि त्याला बंद करायचं बटण नसतं. फुकटच्या व्याख्यानाला जोड हवी ती एवढीच, आणि तीही फुकट मिळते. मराठी माणसाला विरोधक जाहिरात देऊन बोलवावा लागत नाही. जिन्यात उभं राहिलं तरी दोन भेटतात. पाच-सहा जणांनी मिळून व्याख्यान लावावं, प्रश्न आला की थांबवावं, आणि ट्रॉली वळवणाऱ्याने न वळवणाऱ्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे चालू करू नये. यावर कोणी म्हणेल, अशाने कोर्स कधी संपायचाच नाही. खरं आहे. पहिल्या बैठकीत हॉर्नवरून भांडण होईल, दुसरीत कंत्राटदाराचं नाव निघेल, आणि तिसरीत कोणीतरी उठून म्हणेल की कंत्राटदार राहू दे, तू काय करशील ते सांग. ज्याला विचारलं तो पाणी प्यायला उठेल. तेव्हा त्याला बसवून घ्यावं.